बुधीबयचं नाय

फार वर्षांपूर्वी उंबरी नदीच्या खोऱ्यात सतरा पाडे होते. आता आठ आहेत. उरलेले नऊ कुठे गेले हे विचारायला आला असाल तर नीट बसा. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही, आणि सांगताना माझा आवाज चढला तर पोरांनी घाबरू नये. तो तुमच्यावर चढलेला नसतो.

त्या सतरा पाड्यांत वारली राहत. उतारावर नाचणी आणि वरई, खाली नदीकाठी भात. सतरा पाड्यांत मिळून धवलेरी मात्र एकच. धवलेरी म्हणजे आमची लग्नं लावणारी बाई. ती गाते, गाण्यातून देवांना बोलावते, दोन्ही घरांची नावं घेते, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. बुधवारी जन्मली म्हणून तिचं नाव बुधी ठेवलेलं. पाड्यांतले लोक तिला बुधीबय म्हणत. बय म्हणजे आई.

असं म्हणतात, तिने गायला तोंड उघडलं की भिंतीवरच्या लग्नचौकात तांदळाच्या पिठाने काढलेला घोडा कान टवकारायचा. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, पण सतरा पाड्यांतलं एकूण एक घर तिच्या डोक्यात होतं. कोणाचं आंगण, दारात कोणतं झाड, कोणाची लेक कुठे दिली, सगळं. पाच पाच दिवस ती गायची आणि एक नाव चुकायची नाही.

आणि तिच्या गाण्याला होता तेवढाच मान तिच्या गप्प बसण्याला होता. लग्नात काही वावगं दिसलं, म्हणजे पोरीला मारून मुटकून उभी केली असेल, नवऱ्याने काही लपवलं असेल, तर धवलेरी भांडत बसत नसे. ती लुगड्याचा पदर ओठांवर धरायची आणि तोंड मिटायची. झालं! वाजवणारे वाजवायचे थांबत, नवरा जिथे असेल तिथेच उभा राही, आणि काय चुकलं ते कबूल होईपर्यंत लग्न तसूभर पुढे सरकत नसे. खैरपाड्यात एकदा तिने असा दोन दिवस पदर धरला होता. दोन दिवस वऱ्हाड बसून राहिलं, शेवटी नवऱ्याच्या मामाला घाम फुटला आणि नवऱ्याची आधीची बायको माहेरी आहे हे त्याने सांगून टाकलं. पुढे पुढे पाड्याच्या बैठकीतही तसंच होऊ लागलं. बुधीबयने पदर धरला की तो विषय थांबला, मग बोलणारा कितीही मोठा असो.

पेठेत आबासाहेब नावाचे एक पुढारी होते. गवताच्या वखारी त्यांच्या, ट्रक त्यांचे, आणि पक्षही त्यांचाच म्हणा. मोठ्या सभागृहातली आमच्या भागाची जागा आदिवासींसाठी राखीव झाली तेव्हा आबासाहेबांना एक माणूस हवा झाला. सतरा पाडे मत देतील आणि निवडून आल्यावर तोंड उघडणार नाही, असा माणूस. ते जीप नदीपलीकडे ठेवून, चपला हातात घेऊन कुडपाड्याला बुधीच्या दारात आले.

"बाई, तुम्हाला काही करायचं नाही," आबासाहेब म्हणाले. "आम्ही सांगू तिथे अंगठा द्यायचा. बोलायची तर गरजच नाही."

"मग मी तिथं कशाला?" बुधी बोलली.

"बसायचं असतं तिथे."

त्याच वर्षी डोंगराच्या कडेकडेने कोणी तरी पांढरे रंगवलेले दगड पुरून गेलं होतं. कोणालाच काही ठाऊक नव्हतं. बुधीने बोट दाखवून विचारलं, "ते दगड कशाचे?" आबासाहेब हसले. ते धरणाचं आहे, राजधानीच्या शहराला पाणी लागतं, पण त्याला अजून वेळ आहे, तसलं सगळं सभागृहात ठरतं, असं म्हणाले आणि घाम पुसत नदी ओलांडून गेले.

त्यांच्या हसण्यातून बुधीला एवढं कळलं की आपली घरं राहणार की जाणार हे ठरवायची एक जागा आहे, आणि तिथे आपलं कोणी नाही. पाडा बसला. शिडवा भगत म्हणून जुनं माणूस होतं, देवाधर्माचं बघणारं. तो म्हणाला, "जा बय. लगनात वंगाळ दिसला का थांबवतेस ना? तसा तिथं थांबव." सगळ्यांनी मान हलवली, आणि चुकीचं बी तिथे पेरलं गेलं. पण चूक आमची होती असं मी आजही म्हणणार नाही.

तिने एकही भाषण केलं नाही. ती पाड्यापाड्यात गेली, ओटीवर बसली, त्या घराचं लग्नगीत दोन ओळी गायली आणि उठली. आपलं लग्न लावणाऱ्या बाईच्या विरुद्ध मत कोण देणार? असं म्हणतात, मोजायला नेलेल्या पेट्यांना कान लावला तर आतून गुणगुण ऐकू येत होती. आबासाहेबांनी हार घातले आणि राजधानीत तिला मागच्या बाकावर, खांबाआड जागा मिळवून दिली.

शपथ घ्यायच्या दिवशी तिच्या हातात कागद दिला तेव्हा तिने तो परत केला आणि म्हणाली, "एकदा बोला, मी ऐकते." तिथल्या अधिकाऱ्यांनी शपथ एकदा म्हटली, तिने शब्दाला शब्द म्हणून दाखवली. तिच्या 'नाय' आणि 'हाय'वर काही लोक खुदकन हसले. शिकलेल्या माणसांना दुसऱ्याची बोली ऐकून काय उकळ्या फुटतात, देव जाणे.

पण लवकरच त्यांचं हसू आटलं. एका मंत्र्याने सभागृहात सांगितलं की डोंगरी भागाला विहिरी देऊ असं आपण कधी बोललोच नव्हतो. बुधी उठली आणि त्याच मंत्र्याचं आठ महिन्यांपूर्वीचं भाषण तिने जसंच्या तसं म्हटलं. मधला खोकलासुद्धा सोडला नाही. अशा रीतीने तिने तीन विहिरी मिळवल्या, रेशनचं दुकान मिळवलं, शाळेवर कधी न उगवणारा मास्तर उगवायला लावला. अडीच वर्षं तिने ही आमदारकी केली. पाड्यावर आली की नाचणी कांडायची आणि अधिवेशन लागलं की खांबाआड जाऊन बसायची.

मग उंबरी धरणाचा ठराव आला.

जेवणाच्या सुटीआधीची वेळ होती. निम्मे सदस्य बाहेर, निम्मे जांभया देणारे. मंत्र्याने भरभर वाचलं: अमुक नदी, अमुक उंची, सतरा वस्त्या. बुधीने वस्त्यांची नावं ऐकली. चुकीची उच्चारली होती, तरी ओळखली. मग तिने तिला येत होती ती सगळ्यांत कडक गोष्ट केली. लुगड्याचा पदर ओठांवर धरला, तोंड मिटलं, आणि खांबाआडून थोडी सरकून सगळ्यांना दिसेल अशी ताठ बसली.

आमच्यातला कोणीही असता तर त्याच्या हातातला कागद गळून पडला असता. अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." पुढच्या बाकांवरून होय होय झालं. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." कोणी बोललं नाही. बुधी तर दगडासारखी गप्प. "ठराव एकमताने मंजूर," अध्यक्षांनी सांगितलं, आणि सगळे जेवायला उठले.

'मंजूर' हा शब्द बुधीने तिथे कितीदा ऐकला होता, पण पदर धरलेला असताना तो खरा होतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं; सगळे उठले हे बघून तिला वाटलं, थांबलं. धवलेरीने पदर धरला की मांडवातलंही काम असंच थांबतं. ती एस्टीने पेठेपर्यंत आली, तिथून चालत पाड्यावर आली आणि म्हणाली, "थांबवला." त्या दिवशी कुडपाड्याच्या खळ्यात तारपा वाजला. म्हाताऱ्यांनीसुद्धा फेर धरला. ती माणसं आपलंच घर बुडणार म्हणून नाचत होती आणि कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

महिन्याने ट्रक आले. सोबत जमिनी ताब्यात घेणारे साहेब आले. त्यांनी खुर्ची मागवली, ती नव्हती, म्हणून जीपच्या पायरीवर उभं राहून वाचलं. त्या कागदात लिहिलं होतं की सभागृहाने एकमताने मान्यता दिली आहे, आणि तुमच्या भागाच्या सन्माननीय सदस्या त्या वेळी जातीने हजर होत्या.

सगळ्या माना बुधीकडे वळल्या. खैरपाड्याची गोजी पुढे आली. तिच्या लग्नात बुधी पाच दिवस गायली होती.

"बय, तू होय बोललीस?"

"मी काय पन बोलली नाय," बुधी म्हणाली. "मी पदर धरलाता." मग ती साहेबाकडे वळली. "तुमच्या लोकांना पदर दिसला नाय?"

साहेब वाईट माणूस नसावा. तो जरा ओशाळला. "बाई, तिथे गप्प बसलं की संमती धरतात," तो म्हणाला.

संमती धरतात! तुम्हीच सांगा मला, हे कुठल्या माणसांचं वागणं? एक बाई तोंड मिटून समोर बसली आहे, तिचं घर जातंय, तिच्या सतरा पाड्यांतली चूल न् चूल जातेय, आणि दोनशे शहाण्यांपैकी एकालाही वाटू नये की, बाई, तू का गप्प आहेस? आमच्यात म्हैस चारा खाईना तर माणूस तिच्या पाठीवर हात फिरवून विचारतो. आणि हे लोक जेवायला उठले.

गोजीने तेव्हा बुधीच्या तोंडावर सांगितलं, "माझा घर तू घालवलास." बुधीचा हात सवयीने पदराकडे गेला. तो अर्ध्यात थांबला आणि तिने तो खाली घेतला. असं म्हणतात, त्या घटकेपासून तिचे डोळे लाल झाले ते मरेपर्यंत लालच राहिले.

ती तशीच उठून राजधानीला चालत गेली. एस्टीत बसली नाही. असं म्हणतात, चार दिवस तिने पाणीही घेतलं नाही, आणि तिची पावलं पडली त्या वाटेवर अजून गवत उगवत नाही. पेठेबाहेरच्या माळावर तो पट्टा आहे, कोणालाही दाखवीन.

सभागृहात दुसराच कुठला तरी विषय चालला होता. बुधी आत आली, बाकावर न बसता मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "नाय."

अध्यक्षांनी विचारलं, "कोणत्या विषयावर?"

"उंबरीच्या."

"तो विषय संपला आहे. आपण खाली बसा."

"आमच्यात धवलेरी गाईस्तोवर काहीच संपत नाय," ती म्हणाली, आणि तिने सुरू केलं.

ते लग्नाचं गाणं नव्हतं, पण चाल तीच होती. ती एकेक घर घेत गेली. खैरपाडा, लखमा दुमाड्याचं घर, दारात फणस, दोन लेकी, एक आंधळी आई. नाय. त्याच्या शेजारी रावजी वरठ्याचं घर, अंगणात वाघोबाचा दगड. नाय. प्रत्येक घराचं नाव, झाड, माणसं, आणि शेवटी तो एकच शब्द. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला तेव्हा तिचा आवाज दुप्पट झाला. रक्षक आले. दोघांना ती हलेना, चौघांना हलेना. असं म्हणतात, बारा जणांनी जोर लावला तेव्हा खालच्या फरशीला तडा गेला, बाई जागची सरकली नाही. कामकाज लिहून घेणारे लेखनिक काहीही लिहायला गेले तरी कागदावर 'नाय'च उमटायला लागलं. तिसऱ्या दिवशी शहरातले नळ कोरडे पडले. बायांनी तोटी उघडली की पाण्याऐवजी आतून तिचाच आवाज यायचा, खोल नळातून, एकेका घराचं नाव घेणारा. पाणी कोणाच्या अंगणावरून येणार हे त्या शहराने पहिल्यांदा ऐकलं. काहींनी घाईने तोटी बंद केली. काही बाया मात्र हंडा बाजूला ठेवून ऐकत राहिल्या, असंही म्हणतात, आणि तेवढ्यापुरता मी त्या शहरावर राग धरत नाही.

पाचव्या दिवशी ती शेवटच्या घराशी आली. कुडपाडा, बुधीचं घर, दारात शेवगा. नाय. मग ती खाली बसली आणि तिने पाणी मागितलं.

अध्यक्ष म्हणाले, "नोंद घ्या, सन्माननीय सदस्यांनी कामकाजात व्यत्यय आणला."

व्यत्यय! सतरा पाड्यांची नावं त्या पुस्तकात एका शब्दात घातली. आणि ठरावापुढचं 'एकमताने' आजही तिथे तसंच आहे. ते कोणी खोडलेलं नाही.

पण धरणाची भिंत अर्ध्या उंचीवर थांबली. सरकारी माणसं म्हणतात, खडक कच्चा निघाला. म्हणोत बापडे. आम्हाला ठाऊक आहे की पाच दिवस तो शब्द ऐकल्यावर वरच्या अर्ध्या भिंतीचा हुकूम लिहायला कोणाचा हात चालला नाही. अर्धी भिंत मात्र झाली, आणि अर्ध्या भिंतीने नऊ पाडे खाल्ले. पुढच्या निवडणुकीत आबासाहेबांनी तिकीट दुसऱ्याला दिलं. तो होय फार खणखणीत म्हणायचा.

पाणी चढायला लागलं तेव्हा बुधी नऊच्या नऊ पाड्यांत गेली. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत त्या घरापाशी उभी राहायची, मग पुढच्या घरी. नऊतल्या शेवटच्या, शिरसपाड्याच्या वर, पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं असताना, तिने कोयत्याने आपल्या लुगड्याचा पदर कापला आणि पाण्यात फेकला. असं म्हणतात, पाणी तिथेच थबकलं. किती का पाऊस पडेना, भिंतीवरून धो धो वाहू देत, ते त्या जागेच्या वर वीतभरही आलेलं नाही. आठ पाडे त्या वीतभराच्या वर जगतात.

नंतर ती कोणाच्या लग्नात गायली नाही. लोक बोलवायला गेले, तिने दुसऱ्या बायांना गाणी शिकवली, स्वतः गायली नाही. म्हातारी होऊन आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेली. त्यात काही चमत्कार झाला नाही. तिच्या मयताला बुडालेल्या नऊ पाड्यांची माणसं लांब लांबच्या वीटभट्ट्यांवरून, शहराच्या झोपड्यांतून आली. गोजीही आली. कोणी तरी तिला म्हणालं, आता तरी माफ कर. गोजी म्हणाली, "मी तिला माफ केली नाय. ज्यांनी तिला ऐकली नाय त्यांना तर कधीच नाय. पन तिचा शब्द माझा हाय. तो मी कोनाला देनार नाय."

म्हणून आमच्या आठ पाड्यांत आजही बाया ओठांवर पदर धरत नाहीत. लग्नात काही वावगं दिसलं तर धवलेरी उठून तोंडाने सांगते, आणि मांडवाची पहिली हाक नवरीची असते. तिला लग्न पसंत असो नसो, ती आधी एकदा मोठ्याने 'नाय' म्हणते, बुधीबयच्या नावाने. मग धवलेरी तिला विचारते, आता खरं सांग. मनात नसेल तर पोरीला तो शब्द नव्याने शोधायला लागत नाही, तो तिच्या तोंडात आलेला असतो.

आणि ग्रामसभेतही तेच आहे. गेल्या माघात तालुक्याहून एक नवे साहेब आले. तरुण होते, घाईत होते. भिंतीची उंची वाढवण्याची पाहणी करायची आहे, असा एक विषय त्यांनी रस्त्याच्या आणि शाळेच्या पत्र्याच्या मधे घालून भरभर वाचला आणि मान वर न करता म्हणाले, "कोणाची हरकत नाही असं समजतो."

आठ पाडे एकदम बोलले. कडेवरची पोरं बोलली, ऐकू न येणारे म्हातारे बाजूच्याचं तोंड बघून बोलले. झाडावरचे बगळे उडाले. साहेबांचं पेन खाली पडलं. ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, कळलं मला," आणि वही मिटायला लागले.

तेव्हा आमच्या पाड्यात दिलेली गोजीची नात उठली आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"कळून चालत नाय साहेब," ती म्हणाली. "लिवा."

साहेबांनी लिहिलं.

"आता वाचा."

त्यांनी वाचलं. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिने परत वाचायला लावलं. मग आठ पाड्यांतलं एकेक माणूस उठून वहीपाशी गेलं, त्या शब्दावर बोट ठेवून तो तिथे आहे याची खात्री केली, आणि शेवटचं माणूस येऊन जाईपर्यंत कोणीही साहेबांना जेवायला उठू दिलं नाही.